कोलोरॅडोचं पाणी नक्की कुणाचं? आणि फिनिक्सच्या जमिनीखालचं?

निवडुंग

फिनिक्सच्या पूर्वेकडच्या उपनगरात राहतो. आमच्या शहराचं म्हणणं, अंगणातलं गवत काढा, खडी टाका, थोडे पैसे परत देऊ. काढतो, माझी हरकत नाही. पण आकडे बघितले की डोकं फिरतं. कोलोरॅडो नदीचं जेवढं पाणी माणसं वापरतात त्यातलं सुमारे तीन चतुर्थांश शेतीला जातं, आणि त्यातलंही निम्म्याहून जास्त गुरांच्या चाऱ्याला. अल्फाल्फा, म्हणजे आपली लसूणघास. कुठे, तर वर्षाला जेमतेम सात-आठ इंच पाऊस पडणाऱ्या भागात!

२०२२ साली पहिल्यांदा अधिकृत टंचाई लागू झाली. ॲरिझोनाचं ५ लाख १२ हजार एकर-फूट पाणी कापलं, कॅलिफोर्नियाचं एक थेंबही नाही. हा कुठला न्याय?

माझं म्हणणं सरळ आहे. चारा बंद करा, प्रश्न मिटला. शहरांच्या आणि आमच्या चिमूटभर गवताच्या मागे कशाला लागता? पटत नसेल तर जरूर भांडा, पण आकड्यांनिशी.

टवाळभैरव

निवडुंग गवताची बाजू घेऊन भांडायला आलाय! पुढची खुर्ची पकडली आहे, चालू द्या.

कोरडवाहू

वाचतोय. पण इकडच्यांसाठी टीएमसीत सांगा हो. एकर-फूट म्हणजे नक्की किती?

खडकफोड्या

एक एकर रानात एक फूट उभं पाणी म्हणजे एकर-फूट. साधारण १२ लाख ३३ हजार लिटर. एका टीएमसीत जवळजवळ २३ हजार एकर-फूट बसतात.

आता हिशेब. १९२२ साली सात राज्यांचा करार झाला. वरच्या खोऱ्याला (वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको) ७५ लाख एकर-फूट, खालच्या खोऱ्याला (ॲरिझोना, नेवाडा, कॅलिफोर्निया) ७५ लाख. म्हणजे प्रत्येकी ३२७ टीएमसी धरा. पुढे १९४४ च्या तहाने मेक्सिकोला १५ लाख. झाले १६५ लाख. आणि २००० सालापासून नदीत येतंय सरासरी १२५ लाखांच्या आसपास. करार करताना ज्या वर्षांचे प्रवाह समोर होते ती नेमकी चांगल्या पावसाची वर्षं होती. शिवाय मीड सरोवरातून (खालच्या खोऱ्याला पाणी पुरवणारा धरणाचा जलाशय) उन्हाने उडून जाणारं पाणी खालच्या खोऱ्यातल्या तिघांपैकी कुणाच्याच खात्यावर टाकलेलं नाही.

खालच्या ७५ लाखांची वाटणी: कॅलिफोर्निया ४४, ॲरिझोना २८, नेवाडा ३. तेव्हा निवडुंग, चारा बंद करायचा की गवत, हा पुढचा प्रश्न. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

किनारा

"कॅलिफोर्नियाचं एक थेंबही नाही" हे लिहिताना का नाही तेही लिहायचं होतं. ॲरिझोनाला कोलोरॅडोचं पाणी फिनिक्स-टूसॉनपर्यंत न्यायला कालवा हवा होता. वॉशिंग्टनमध्ये मतं आमच्या कॅलिफोर्नियाची जास्त. तेव्हा १९६८ च्या कायद्यात ॲरिझोनाने मान्य केलं की टंचाई आली तर आधी या कालव्याचं कापा, कॅलिफोर्नियाच्या ४४ लाखांना नंतर हात लावा. त्या अटीवर ३३६ मैलांचा कालवा मिळाला, १९९३ मध्ये पूर्ण झाला, त्याच्या जिवावर शहरं फुगली. आता अट टोचायला लागली होय?

आणि २०२३ मध्ये खालच्या तिन्ही राज्यांनी मिळून २०२६ अखेरपर्यंत ३० लाख एकर-फूट वाचवायचं ठरवलं, त्यात निम्म्याहून जास्त वाटा आमचा आहे. तेव्हा थेंबाची भाषा जपून.

निवडुंग

@किनारा, अडला हरी आणि गाढवाचे पाय. मतं नव्हती म्हणून केलेली सही आहे ती. आणि वाचवलेल्या पाण्याचे केंद्र सरकारकडून पैसे मिळालेत, तेही लिहा की.

टवाळभैरव

सहीच्या आधी लढाई पण झालीय बरं का. १९३४ साली पार्कर धरणाचं काम थांबवायला ॲरिझोनाच्या गव्हर्नरने नॅशनल गार्डचे जवान नदीवर धाडले. स्वारी बोटींतून. पेपरवाल्यांनी नाव ठेवलं "ॲरिझोनाचं आरमार". बोटी नदीतल्या तारांत अडकल्या आणि पलीकडच्या कॅलिफोर्नियावाल्यांनीच सोडवल्या असं सांगतात. वाळवंटी राज्याचं आरमार कॅलिफोर्नियाच्या दोराने किनाऱ्याला, हे किनारा यांनी लिहायला हवं होतं, मी कशाला लिहितोय.

भाजीवाला_युमा

कामानिमित्त ॲरिझोनातल्या युमात असतो, भाजीच्या पॅकिंगमध्ये. जरा लांबण लागेल, समजून घ्या.

हिवाळ्यात अमेरिकेत खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीतली नव्वद टक्क्यांच्या घरातली भाजी युमा आणि कॅलिफोर्नियातली इम्पिरियल व्हॅली या पट्ट्यातून येते. लेट्यूस, पालक, ब्रोकोली. नोव्हेंबर ते मार्च. पहाटे दोन-तीनलाच सीमेवर मजुरांची रांग लागते, पलीकडच्या सॅन लुईसहून माणसं येतात, उजाडायच्या आत दिवे लावून कापणी सुरू. शेतं लेसरने इतकी सपाट केलेली असतात की या टोकाला सोडलेलं पाणी त्या टोकाला एका पातळीत पोचतं. "शेतकरी पाणी वाया घालवतात" म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं.

पाणी नळासारखं नाही मिळत. मागणी आधी नोंदवायची, कारण पार्कर धरणातून सोडलेलं पाणी इकडे यायला साधारण तीन दिवस घेतं. मधेच पाऊस आला तर शेतकरी म्हणतो नको, पण नदीत निघालेलं पाणी माघारी कसं नेणार? ते मेक्सिकोच्या हद्दीत जायचं, आणि तहातल्या १५ लाखांत धरलंही जायचं नाही. हे नाकारलेलं पाणी अडवायला २०१० मध्ये सीमेजवळ ब्रॉक नावाचा जलाशय बांधला. त्याचा खर्च मुख्यतः लास वेगसवाल्यांनी उचलला, बदल्यात त्यांना पाणी मिळालं.

आता अल्फाल्फा. मला त्याचं कौतुक नाही, पण व्हिलनही नाही तो. जुलैत ४५-४६ अंशांत इथे दुसरं काय उभं राहतं? कोलोरॅडोचं पाणी खारट, ते त्याला बऱ्यापैकी सोसतं. जमिनीत नत्र सोडतो, त्यावर पुढची भाजी येते. आणि लोक विसरतात तो मुद्दा: उन्हाळ्यात दोन-तीन पाळ्या चुकवल्या तरी मूळ मरत नाही, पाणी मिळालं की परत फुटतो. बदामाची बाग अशी तोडता येते का? टंचाईत सगळ्यात आधी थांबवता येणारं पीक तेच आहे.

राहता राहिला हक्क. या भागातली शेती १९२२ च्या आधीची. इम्पिरियल व्हॅलीत १९०१ पासून पाणी येतंय. एकट्या इम्पिरियलचा हक्क ३१ लाख, म्हणजे पूर्ण ॲरिझोनाच्या २८ लाखांहून जास्त. इथला कायदा असा की जो आधी आला आणि ज्याने पाणी वापरात आणलं, तो रांगेत पुढे. फिनिक्सचा कालवा रांगेत शेवटून पहिला. हे अन्यायाचं वाटत असेल, पण छुपं नव्हतं.

नेवाडाकर

३ लाखवाले आम्ही मागच्या बाकावर बसून ऐकतोय.

वेगस म्हटलं की लोकांना कारंजी दिसतात. घरातल्या मोरीत, संडासात जाणारं जवळपास सगळं पाणी शुद्ध करून मीड सरोवरात परत जातं, आणि जेवढं परत टाकलं तेवढं पुन्हा उचलता येतं. म्हणजे वेगसमध्ये तासभर आंघोळ केली तरी नदीचं काही जात नाही. जातं ते बाहेर शिंपडलेलं. म्हणून २०२१ मध्ये कायदाच केला: रस्त्याच्या दुभाजकावरचं, ऑफिससमोरचं, नुसतं बघायचं गवत २०२६ अखेरपर्यंत काढायचं. निवडुंग, तुम्हाला निदान विचारतायत तरी.

धरण उशाला आणि कोरड घशाला व्हायला नको म्हणून सरोवराच्या पार तळातून पाणी ओढणारा तिसरा बोगदा २०१५ मध्ये पूर्ण केला. २०२२ च्या उन्हाळ्यात मीड १,०४० फुटांपर्यंत उतरलं. भरलेलं असताना १,२२९. पिंपात भरलेला एक जुना मृतदेहही वर आला होता, पोलिस अजून...

टवाळभैरव

@नेवाडाकर, वाक्य अर्धवट सोडून कुठे गेलात? माफियांनी उचललं का?

कोरडवाहू

हे आपल्याकडच्या हेड आणि टेलच्या भांडणासारखंच दिसतंय. वरचे पाट फोडणार, खालचे मोर्चा काढणार, आणि आमच्या इकडे...

संपादक

@कोरडवाहू, आपल्याकडच्या धरणांसाठी वेगळा धागा आहे आणि तो अजून तापलेलाच आहे. इथे कोलोरॅडोवर राहू या.

झुळूक

सगळ्यांची माफी मागून एक व्यावहारिक प्रश्न विचारते. आम्ही घर बघतोय. शहरात परवडत नाही. बाहेर उत्तरेकडे मोकळ्या जागेत एकेक एकराच्या तुकड्यांवर घरं होतायत, एजंट म्हणतो स्वतःची बोअर आहे, नदीच्या भांडणाशी तुमचा संबंधच नाही. खरं का?

चिमणी

झुळूक, पळ.

फिर्यादी

वकील आहे पण तुमचा नाही, तेव्हा हा सल्ला समजू नये.

ॲरिझोनात १९८० चा भूजल कायदा आहे. फिनिक्स, टूसॉन, प्रेस्कॉट, पिनाल अशा ठरावीक क्षेत्रांत नवीन वसाहत करायची तर बिल्डरने शंभर वर्षं पुरेल एवढं पाणी आधी दाखवावं लागतं. कायदा चांगलाच आहे. पण वसाहत म्हणजे काय? सहा किंवा जास्त तुकडे. मग लोक पाचच तुकडे पाडतात, शेजारी दुसऱ्या नावाने आणखी पाच. शंभर वर्षांचा दाखला नको, काही नको. इथे त्यांना वाइल्डकॅट वसाहती म्हणतात. झुळूक, तुमच्या वर्णनावरून हेच वाटतंय.

रिओ व्हर्डे फूटहिल्सचं नाव गुगल करा. फिनिक्सशेजारच्या स्कॉट्सडेल शहराच्या हद्दीबाहेर, बरीचशी घरं अशीच झालेली. काहींच्या बोअरला पाणी, काहींच्या नाही, ते टँकरवर. टँकर भरायचे स्कॉट्सडेलच्या पाण्यातून. १ जानेवारी २०२३ ला स्कॉट्सडेलने ते बंद केलं: कोलोरॅडोची कपात आहे, आमचं पाणी आमच्या रहिवाशांना. लाखो डॉलरच्या घरांत लोक पत्र्यावरचं पावसाचं पाणी बादल्यांत धरून संडासला वापरत होते. "नदीच्या भांडणाशी संबंध नाही" म्हणणारा एजंट तिथेही असणारच.

दाखलेवाल्या वसाहतींतही सगळं आलबेल नाही. जून २०२३ मध्ये राज्याने फिनिक्स क्षेत्राचं भूजलाचं गणित मांडलं. शंभर वर्षांत सुमारे ४ टक्के मागणी पुरी होणार नाही असं निघालं. तेव्हापासून फक्त भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहतींना दाखले देणं थांबवलं. जुने दाखले चालू आहेत.

झुळूक

बाप रे. नवऱ्याला पाठवलं हे.

चिमणी

पण बाहेरच्यांना मात्र मोकळं रान! त्या सौदी कंपनीचं काय झालं? आम्ही आंघोळीची बादली मोजायची आणि आमच्या जमिनीखालचं पाणी गवताच्या गाठोड्यात बांधून जहाजाने जाणार.

फिर्यादी

फॉन्डोमॉन्टे. सौदीतल्या अल्माराई डेअरीची उपकंपनी. स्वदेशात भूजल आटत आलं, सौदी सरकार हिरव्या चाऱ्याची शेती आवरती घ्यायच्या मार्गावर होतं, म्हणून डेअरीने चारा पिकवायला बाहेर जमिनी घेतल्या. २०१४ मध्ये ला पाझ काउंटीत खाजगी जमीन विकत घेतली, शिवाय बटलर व्हॅलीत राज्याची जमीन भाड्याने. भाडं एकरी वर्षाला २५ डॉलरच्या आसपास आणि खालचं पाणी त्यातच, मोजणी नाही. २०२३ मध्ये गव्हर्नर हॉब्स यांनी बटलर व्हॅलीचे भाडेकरार संपवले. खाजगी जमिनीवरची शेती चालूच राहिली. डिसेंबर २०२४ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलनी सार्वजनिक उपद्रव म्हणून दावा लावला.

पण चिमणीताई, त्यांनी त्या वेळी कायदा मोडला नव्हता. राज्याच्या सुमारे ८० टक्के भूभागावर भूजलाचं नियमन नव्हतंच. ज्याच्या हाती ससा तो पारधी. त्याच खोऱ्यांत तसंच पीक घेणारे अमेरिकी शेतकरी कितीतरी आहेत, त्यांचं पाणीही त्याच कायद्याने निघतं. झेंडा बदलला म्हणून जमिनीखाली फरक पडत नाही.

चिमणी

फरक मला पडतो. असो.

खडकफोड्या

कामासाठी आग्नेय ॲरिझोनातल्या विलकॉक्सच्या खोऱ्यात जाणं होतं. कोलोरॅडोचं पाणी तिथे पोचत नाही, सगळा कारभार भूजलावर. घरगुती बोअर तीनशे-चारशे फुटांच्या, मोठ्या शेतांच्या आणि डेअऱ्यांच्या हजारावर. मोठी बोअर चालली की पातळी खाली जाते, छोट्या कोरड्या पडतात. पैसेवाला आणखी खोल जातो, निवृत्त म्हातारा-म्हातारी टाकी आणून ठेवतात.

जुन्या बोअरच्या तोंडाशी सिमेंटचा ओटा असतो. पाणी उपसलं की माती दबते आणि जमीन खचते, पण केसिंग पाइप खोलवर रोवलेला, तो जागचा हलत नाही. मग पाइप वर आल्यासारखा दिसतो आणि ओटा अधांतरी. त्याखालून मांजर जातं. पिनालमध्ये इलॉयजवळ १९७७ पर्यंतच जमीन साडेबारा फुटांनी खचली होती. दबलेल्या मातीत पुन्हा पूर्वीएवढं पाणी मावत नाही, कितीही पाऊस येवो.

विलकॉक्सच्या मतदारांनी २०२२ मध्ये नियमनाला नकार दिला, शेजारच्या डग्लसने त्याच निवडणुकीत होकार. शेवटी २०२४ च्या डिसेंबरात राज्याने विलकॉक्सवर नियमन लादलं.

पण मला म्हणायचंय ते वेगळंच. आपण सगळे नदीचं एक भांडण आणि भूजलाचं दुसरं असं बोलतोय. कायदाही तसाच: ॲरिझोनात नदीच्या पाण्याला "आधी आला तो पुढे", भूजलाला "ज्याची जमीन तो उपसेल, वाजवी वापरासाठी". पाण्याला हे माहीत नाही. नदीकाठी बोअर मारली की तुम्ही नदीच पिता. आणि नदीची कपात झाली की लोक कुठे जातात? खाली. पिनालच्या शेतकऱ्यांचं कालव्याचं पाणी २०२२ मध्ये गेलं, तर त्यांनी जुन्या विहिरी साफ केल्या, नव्या मारल्या, त्यासाठी सरकारी पैसाही आला. एका खात्यात वाचवलेलं पाणी दुसऱ्या खात्यातून काढलं. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या लोकांनी २०२५ मध्ये उपग्रहाच्या मोजमापावरून मांडलं की कोलोरॅडोच्या खोऱ्यातून २००३ पासून सुमारे २ कोटी ७८ लाख एकर-फूट भूजल गेलंय. जवळजवळ पूर्ण भरलेल्या मीड सरोवराएवढं. मीड उतरलं की फोटो येतात. याचे फोटो निघत नाहीत.

फिर्यादी

+१. आणि नदी कुठे संपते, भूजल कुठे सुरू होतं, हा वाद कोर्टात आहे. हिला (Gila) या कोलोरॅडोच्या ॲरिझोनातल्या उपनदीच्या खोऱ्यातले हक्क ठरवायचा खटला १९७४ पासून चालू आहे. दावे हजारो. खटला सुरू केलेले वकील गेले, त्यांची मुलं निवृत्त झाली. आमच्या धंद्यात याला पुनर्भरण म्हणतात.

टवाळभैरव

=))

किनारा

@खडकफोड्या, "दोन खाती एकच पाणी" हे ऐकायला छान आहे, पण मग पाझराचं काय? इम्पिरियलला पाणी नेणारा ऑल-अमेरिकन कालवा मेक्सिकोच्या सीमेला लागून जातो. पूर्वी मातीचा होता, वाळूत पाणी झिरपायचं. आम्ही २००९ च्या सुमारास २३ मैलांचं काँक्रीट अस्तरीकरण केलं आणि वर्षाला ६७,७०० एकर-फूट वाचवलं. ते सॅन दिएगोला मिळतं. यात वाईट काय?

खडकफोड्या

वाईट असं नाही. फक्त ते "वाया" जात नव्हतं. सीमेखालून मेक्सिकोतल्या मेहिकालीच्या विहिरींत जात होतं, तिथले शेतकरी कित्येक दशकं त्यावर पिकं काढत होते. तुमची गळती ती त्यांची विहीर.

किनारा

तहात मेक्सिकोला १५ लाख लिहिलंय. पाझराचा उल्लेख नाही. आमच्या कालव्यातून झिरपलेलं पाणी आमचंच. कोर्टातही टिकलं.

खडकफोड्या

टिकलं कारण मध्येच अमेरिकी काँग्रेसने कायदा करून काम पुढे न्यायला सांगितलं.

किनारा

कायदा कायदाच असतो. १९६८ चा तुम्हाला आठवतो तेव्हा आवडत नाही, हा आठवतो तेव्हाही नाही.

भाजीवाला_युमा

दोघांच्या मध्ये पडतो. मेक्सिकोकडे गेलेल्या पाण्याची गोष्ट १९६१ पासूनची आहे. तेव्हा आमच्याच शेजारच्या वेलटन-मोहॉक भागातून शेतातलं खारं पाणी उपसून नदीत सोडायला लागले, पलीकडे पिकं जळाली. पाण्याचा आकडा बरोबर, पण ते पिकाच्या कामाचं नव्हतं. १९७३ मध्ये खारटपणाची मर्यादा ठरली. त्यासाठी युमात क्षार काढायचा मोठा कारखाना बांधला, १९९२ मध्ये तयार झाला, आणि तेव्हापासून जवळजवळ बंदच. आता ते खारं पाणी वेगळ्या कालव्याने मेक्सिकोतल्या सिएनेगा दे सांता क्लारा दलदलीत जातं, तिथे पक्ष्यांची मजा झाली. कारखाना चालवायचा म्हटलं की आता पक्षीवाले विरोध करतात. तेही एक हक्कदारच झाले.

वाटसरू

एवढे प्रतिसाद झाले, सात राज्यं झाली, मेक्सिको झाला, सौदी झाले, पक्षीही झाले. या नदीकाठी आधीपासून राहणाऱ्यांचं कुणी नाव घेतलं नाही.

"आधी आला तो पुढे" हाच नियम ना? मग हिला नदीकाठच्या पिमा आदिवासींचे पूर्वज शतकानुशतकं कालवे काढून शेती करत होते. फिनिक्सचे कितीतरी कालवे त्या जुन्या खोदकामाच्या मार्गावरच आहेत. एकोणिसाव्या शतकात वरच्या अंगाला आलेल्या वसाहतवाल्यांनी पाणी वळवलं, नदी कोरडी पडली, शेती करणारे लोक सरकारी शिध्यावर आले. १९०८ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की आदिवासींना आरक्षित प्रदेश दिला म्हणजे त्याला लागणारं पाणीही त्यात धरलेलं आहे. पण कागदावरून पाटात यायला हिला रिव्हर समुदायाला २००४ उजाडलं. तडजोडीत वर्षाला ६ लाख ५३ हजार ५०० एकर-फूट. आज फिनिक्सची शहरं टंचाईत त्यांच्याकडून पाणी घेतात.

नवाहो आदिवासींना तेही नाही. मी आरोग्याच्या कामासाठी त्या भागात असते. साधारण तिसरा हिस्सा घरांत नळ नाही. पिकअपच्या मागे प्लास्टिकची टाकी, पाण्याच्या ठिकाणापर्यंत लांबचा रस्ता, परत येऊन पिंपं भरायची. कोविडात आम्ही सांगत होतो, हात वारंवार धुवा. जून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने सांगितलं की त्यांना पाणी मिळवून देण्यासाठी पावलं उचलायला केंद्र सरकार बांधील नाही. त्यांच्या जमिनीवर जे वीजकेंद्र होतं ना, त्याचीच वीज फिनिक्सला पाणी नेणारे पंप २०१९ पर्यंत फिरवत होती. पाणी जवळपास तीन हजार फूट चढवायला.

निवडुंग

@वाटसरू, हे सगळं नव्याने कळतंय. वीजकेंद्राचं तर अजिबात ऐकलं नव्हतं.

तरी मी माझा मूळ मुद्दा सोडत नाही. @भाजीवाला, तुम्हीच म्हणता अल्फाल्फा थांबवता येतो. मग थांबवा ना.

भाजीवाला_युमा

थांबवतो. पैसे द्या. चेष्टा नाही, इम्पिरियलमध्ये उन्हाळ्याचे दीड-दोन महिने अल्फाल्फाला पाणी न देण्याचे शेतकऱ्यांना पैसे मिळाले, आणि पाणी वाचून मीडमध्ये राहिलं. कायमचा बंद करा म्हणाल तर मग ट्रॅक्टरवाला, बियाणेवाला, गाठी बांधणारा, त्यांच्यावर चालणारी गावातली शाळा, यांचं काय ते पण लिहा. आणि इम्पिरियलच्या शेतातून निथळलेलं पाणी सॉल्टन समुद्र नावाच्या सरोवरात जातं. ते आटलं की तळाची धूळ उडते, तिथल्या पोरांना दमा आहे. शेतात पाणी वाचवलं की तिकडे धूळ वाढते.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. नदीकाठच्या सिबोला गावातली शेतजमीन एका गुंतवणूक कंपनीने घेतली, आणि तिचं सुमारे २,००० एकर-फूट पाणी २०२३ मध्ये कालव्याने क्वीन क्रीकला गेलं. फिनिक्सच्या पूर्वेचं उपनगर. तुमच्या आसपासच असेल, निवडुंग. जमीन इथेच पडून, पाणी तिकडे. उद्या सगळे असं विकायला लागले तर हिवाळ्यात सॅलड कुठून खाणार?

निवडुंग

क्वीन क्रीक आमच्या शेजारीच आहे. विकणारा राजी, घेणारा राजी, मग अडचण काय? जास्त पैसे देणाऱ्याला पाणी जाणारच.

चिमणी

मग सौदीही जास्तच पैसे देत होते. अरे हो, २५ डॉलर. =))

फिर्यादी

बाजाराचं तेवढं सोपं नाही. सिबोला प्रकरणात काठावरच्या काउंट्या कोर्टात गेल्या आणि पर्यावरणाचा पुरेसा अभ्यास न करता परवानगी दिली असं न्यायाधीशाने म्हटलं.

आणि सगळ्यांनी लक्षात ठेवा, धरणांतून कुणाला किती सोडायचं त्याचे २००७ चे नियम २०२६ अखेरीस संपतायत. नव्या नियमांवर एकमत करायची नोव्हेंबर २०२५ ची मुदत सातही राज्यांनी चुकवली. वरचे म्हणतात आमच्याकडे बर्फच कमी पडतं, धरणाचा आधारही नाही, आम्ही निसर्गाने कापलेलेच आहोत. खालचे म्हणतात आम्ही कापून घेतलंय, आता तुमची पाळी. दोन्ही बाजू खरं बोलतायत, म्हणूनच मिटत नाही.

झुळूक

मंडळी, बोअरवालं घर रद्द. आता एक रीतसर वसाहत बघतोय, शंभर वर्षांच्या दाखल्याची. बिल्डर म्हणतो पाणी भूजलाचं आहे पण "सरकार परत भरून देतं". हे काय प्रकरण?

खडकफोड्या

भूजल भरपाईचा जिल्हा, १९९३ पासून आहे. ज्या वसाहतीकडे नदीचं पाणी नाही ती भूजल उपसते, आणि हा जिल्हा तेवढं पाणी दुसरीकडून आणून जमिनीत मुरवतो. मोठाले उथळ तलाव असतात वाळूत, कालव्याचं पाणी सोडायचं, ते दिसेनासं होतं. १९९६ पासून राज्याची जलबँकही हेच करते. तेव्हा हेतू हाही होता की आपलं न वापरलेलं पाणी कॅलिफोर्नियाने पिऊन टाकू नये. (किनारा, दिवे घ्या.)

दोन गोष्टी बिल्डर सांगणार नाही. एक, मुरवायचं ठिकाण तुमच्या घराखालीच असेल असं नाही. त्याच क्षेत्रात कुठेही, कित्येक मैल लांबही चालतं. दोन, मुरवायला पाणी आणतात कुठून? बरंचसं कोलोरॅडोतूनच.

किनारा

दिवे घेतले. पाणी परत करा.

झुळूक

म्हणजे भूजलाचं घर हे पण नदीचंच घर!

फिर्यादी

आणि रांगेत शेवटी. झुळूक, त्या वसाहतीतल्या कुणाचं तरी प्रॉपर्टी टॅक्सचं बिल मागून बघा. भरपाईच्या आकारणीची वेगळी ओळ असते. गेल्या काही वर्षांची बिलं शेजारी-शेजारी ठेवा, आकडा कुठल्या दिशेने जातोय ते दिसेल. आणि शहराच्या स्वतःच्या नावावर दाखला असलेल्या हद्दीत, थोडं लहान का होईना, मिळत असेल तर तेही बघा.

झुळूक

बघते. त्या हद्दीत दोनच बेडरूमचं बसतंय बजेटमध्ये, सासू-सासरे सहा महिने येतात.

टवाळभैरव

वेगसला घ्या. तासभर आंघोळ फुकट.

नेवाडाकर

आलो. मृतदेहाचं लिहीत होतो, बॅटरी गेली. घरांच्या किमती इथेही बघा आधी, मग बोलवा लोकांना.